वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला

भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या होमाई व्यारावाला यांच्या आयुष्याची अखेरची तीस वर्षे आपल्या बडोद्यात गेली. कित्येक वर्षे त्यांच्या कार्याची फारशी कोणाला कल्पनाही नव्हती. आपल्या वाचनालयाच्या या शताब्दी ग्रंथात त्यांचे स्मरण करताना ही खंत मनात आहेच.

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारी येथे पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक मंडळीत नट होते. पुढे कुटुंब मुंबईस आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात अर्थशास्त्राचा आणि सर ज. जी. कलाशाळेत चित्रकलेचा अभ्यास त्यांनी केला. छायाचित्रणाचे धडे मात्र त्यांना माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून मिळाले. वयाच्या तेराव्या वर्षी झालेल्या या ओळखीचे १९४१ मध्ये विवाहात रूपांतर झाले.

१९३८ मध्ये मैत्रिणींच्या एका सहलीची त्यांची छायाचित्रे 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापली. प्रत्येकी एक रुपया मोबदला मिळाला. कलाशाळेतील सहाध्यायिनी हाच त्यांच्या आरंभीच्या छायाचित्रांचा विषय होता. त्या मुली कॅमेऱ्यासमोर अवघडलेल्या दिसत नाहीत, कारण टिपणारी व्यक्ती त्यांच्यातलीच एक होती. समोरच्या माणसाचा विश्वास आधी, छायाचित्र नंतर, हा त्यांच्या कामाचा पाया येथेच घातला गेला असे म्हणावयास हरकत नाही. 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्ये त्यांची चित्रे प्रथम पतीच्या नावाने छापली गेली. अपरिचित स्त्रीच्या नावाला तेव्हा किंमत नव्हती.

१९४२ मध्ये ब्रिटिश माहिती सेवेत नोकरी लागल्याने त्या दिल्लीस गेल्या. अवजड कॅमेरा घेऊन, साडी नेसून, सायकलवरून फिरणारी ही तरुणी राजधानीतील पुरुष छायाचित्रकारांच्या घोळक्यात एकटीच होती. फाळणीची योजना मान्य करणारी काँग्रेस नेत्यांची जून १९४७ मधील सभा, १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर झालेले ध्वजारोहण, माउंटबॅटन दांपत्याचे प्रयाण हे प्रसंग त्यांनी टिपले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेस निघाल्या होत्या. पण उद्या दोघे मिळून जाऊ, असे पतीने सुचवल्यावरून परतल्या. ती चुटपुट त्यांना जन्मभर लागून राहिली.

पंडित नेहरू हा त्यांचा आवडता विषय. छायाचित्रणास मनाई करणाऱ्या फलकाशेजारी विमानतळावर उभे असलेले नेहरू, कबूतर उडविणारे नेहरू, भगिनीला मिठी मारणारे नेहरू ही चित्रे पाहताना पंतप्रधानांआधी एक हाडामांसाचा माणूस दिसतो. होमाई कोणाला उगाच उभे करीत नसत. बाजूला राहून योग्य क्षणाची वाट पाहत. कोणाची फजिती होईल असे चित्र घेणे त्यांना रुचत नसे. सभ्य अंतर राखल्यामुळेच त्यांना माणसांच्या जवळ जाता आले. १९६४ मध्ये नेहरूंची अंत्ययात्रा टिपताना इतरांपासून तोंड लपवून त्या रडल्या, यावरून हे नाते किती खोल होते ते कळते.

१९६९ मध्ये माणेकशॉ निवर्तले आणि १९७० मध्ये होमाईंनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि बेमुर्वतपणा त्यांना सहन होईना. चरितार्थाचा आणि कीर्तीचा व्यवसाय एका तत्त्वासाठी सोडणे सोपे नसते. त्यांनी तो सोडला आणि पुन्हा त्याकडे वळून पाहिले नाही.

काही वर्षे पिलानी येथे काढून १९८२ मध्ये त्या मुलासह बडोद्यास आल्या. १९८९ मध्ये एकुलता एक मुलगा फारूक कर्करोगाने गेला. त्यानंतर त्या एकट्याच राहिल्या. बाग फुलवीत, घरातील सुतारकाम, दुरुस्ती स्वतः करीत. २०१० मध्ये त्यांनी आपला छायाचित्रसंग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानकडे सोपविला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, बडोद्यातच त्यांची प्राणज्योत मालवली.

आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे आणि समोरच्याची परवानगी विचारण्याची गरज फार थोड्यांना वाटते. अशा वेळी आपल्या गावातील या शेजारणीच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहावे, एवढीच वाचकांस विनंती.