जहांगीर टाटा आणि टपालाचें विमान

मुंबईहून बेल्लारीपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढिली, तर ती तोरणा व राजगड ह्या किल्ल्यांच्या जवळून निघून भोर गांवाच्या बाजूनें पुढें कर्नाटकांत उतरते. वेल्हें व भोर भागांतील आमच्या वाचकांनीं हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा. सन १९३२ च्या आक्टोबर महिन्यांत ह्याच दोन ठिकाणांमध्यें टपालाचीं विमानें जाऊं येऊं लागलीं. त्या काळीं भोर हें संस्थान होतें, पंतसचिवांची सत्ता होती, आणि आमच्या खोऱ्यांतील पुष्कळ वाड्यांस गाडीरस्ताहि नव्हता. ज्या गृहस्थांच्या हट्टानें हीं विमानें सुरू झालीं, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा होत.

टाटा हें नांव आमच्या मावळांत सर्वांस सारखेंच गोड लागतें असें नाहीं. शेजारच्या मुळशी पेट्यांत टाटांच्या धरणाखालीं शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ सालापासून सेनापति बापट व त्यांचे सहकारी यांनीं त्याविरुद्ध सत्याग्रह केला. तें विसरावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांचें चरित्र आम्ही येथें लिहीत आहों, ते त्या वेळीं शाळेंत जाणारे पोर होते. व त्यांच्या आयुष्यांत घेण्यासारखें जें आहे, तें धरणाच्या गोष्टीमुळें टाकून द्यावें हेंहि आम्हांस बरें वाटत नाहीं.

जहांगीर यांचा जन्म ता. २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील रतनजी हे जमशेटजी टाटांच्या नात्यांतले, आणि आई सुझान ही फ्रेंच बाई. उन्हाळ्यांत हें कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो गांवीं राहात असे. तेथेंच लुई ब्लेरिओ यांचेंहि घर होतें. हे ब्लेरिओ म्हणजे १९०९ सालीं विमानानें इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे पुरुष. त्यांचें विमान समुद्रकांठच्या वाळूवर उतरे, आणि हा लहान मुलगा तें पाहात उभा राही. मुलाच्या मनांत त्या दिवसांत जें शिरलें, तें पुढें सत्तर वर्षें निघालें नाहीं.

आई १९२३ सालीं वारली. फ्रेंच कायद्याप्रमाणें जहांगीर यांस कांहीं काळ सैन्यांत घोडदळाची चाकरी करावी लागली. ती वाढवून घ्यावी असें त्यांच्या मनांत होतें, परंतु वडिलांनीं त्यांस मुंबईस परत बोलाविलें. पुढें त्या पलटणीचा मोरोक्को देशांत नाश झाला. १९२६ सालीं वडीलहि गेले, आणि बावीस वर्षांच्या ह्या तरुणावर घराचा भार पडला.

ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांस विमान चालविण्याचा परवाना मिळाला. ह्या देशांत दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक १ होता. पुढें आगाखान यांनीं बक्षीस लाविलें: जो हिंदी मनुष्य इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें विमानांतून प्रथम तोडील, त्यास ५०० पौंड. जहांगीर हे कराचीहून निघाले. आस्पी इंजिनिअर नांवाचा एक कोंवळा पारशी मुलगा इंग्लंडहून निघाला. वाटेंत मिसर देशांत अबुकीर येथें जहांगीर उतरले, तों तेथें आस्पीचें विमान उभें दिसलें. त्याच्या इंजिनाचे प्लग बिघडले होते, व दुसरे जवळ नव्हते. प्लग म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पाडणारी लहानशी वस्तु. पण तिच्यावांचून सर्व विमान म्हणजे लांकूड व कापड. जहांगीर यांच्याजवळ जादा प्लग होते. त्यांनीं ते काढून प्रतिस्पर्ध्याच्या हातीं दिले. आस्पी कराचीस पोंचला, आणि थोड्याच तासांच्या फरकानें बक्षीस त्याचें झालें. जहांगीर यांनीं ह्याचा खेद केला नाहीं; उलट त्या विजयामुळें आस्पीस हवाई दलांत शिरावयास मदत झाली ह्याचाच त्यांस आनंद वाटे. हाच आस्पी १९६० सालीं भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. आमच्या मतें ह्या सर्व चरित्रांतील ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि ती एका मुठींत मावते.

टपालाची कल्पना मूळची नेव्हिल विंसेंट यांची. हे दक्षिण आफ्रिकेचे वैमानिक. विलायतेचें टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानानें कराचीपर्यंत येई. तेथून तें मुंबई व मद्रासेस विमानानेंच पोंचवावें, असें त्यांनीं सुचविलें. सरकारनें पुष्कळ दिवस टोलवाटोलवी केली. शेवटीं सरकारी मदतीवांचून, केवळ नेलेल्या टपालाच्या आकारावर काम करण्याचें कबूल करून, १९३२ सालीं करार झाला.

ता. १५ आक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं जहांगीर कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून पस मॉथ जातीच्या विमानांतून उडाले. हें विमान कसें चालू करीत तें आमच्या शेतकरी बंधूंस लौकर समजेल, कारण विहिरीवरील तेलाच्या इंजिनास हॅंडल मारतांना तें उलट फिरून मनगट कसें मोडतें हें त्यांनीं पाहिलें आहे. येथें हॅंडल नाहीं, पुढचा पंखाच हातानें फिरवावयाचा. प्रथम चाकांपुढें ठोकळे घालावयाचे. मग ठिणगीचा खटका बंद ठेवून पंखा तीन चार वेळां हळू फिरवावयाचा, म्हणजे पेट्रोलची वाफ सिलिंडरांत ओढली जाते. नंतर आंत बसलेल्या वैमानिकास आवाज देऊन खटका चालू करावयाचा, आणि पंख्यास एक जोराचा हिसका देऊन तत्काळ मागें सरावयाचें. इंजिन धरल्यावर तें कांहीं मिनिटें गरम होऊं द्यावयाचें, ठिणगीचीं दोन्ही यंत्रें एकेक करून तपासावयाचीं, मगच ठोकळे काढावयाचे. ह्यांत घाई केलेली चालत नाहीं. विमानांत रेडिओ नव्हता. खालीं दिसणारी नदी, रूळ व किनारा हीच वाट. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले. दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर टेकलें. तेथून टपाल विंसेंट यांनीं बेल्लारीस व दुसऱ्या दिवशीं मद्रासेस नेलें.

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यांत झाली. जुहूचें मैदान म्हणजे समुद्रकांठची चिखलाची जमीन. आषाढांत तिचें तळें होई. तेव्हां टाटांची सर्व मंडळी विमानें, वैमानिक व मिस्त्री यांसह पुण्यास येई, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावरून काम चाले. सह्याद्रीवरचा पाऊस कसा असतो तें आम्हीं वाचकांस काय सांगावें? श्रावणांत तोरण्याचा माथा आठ आठ दिवस दिसत नाहीं, व मढे घाटाच्या तोंडाशीं उभ्या मनुष्यास आपलाच हात दिसेनासा होतो. अशा ढगांत रेडिओवांचून, एका इंजिनाच्या विमानांतून जावयाचें, तें कोणाच्या तरी चार ओळींच्या पत्रासाठीं. आणि तरीहि टपाल वेळेवर पोंचलें. सरकारच्या मुलकी विमान खात्याच्या अहवालानेंहि ह्या नियमितपणाची वाखाणणी केली. पहिल्या वर्षीं १५५ उतारू नेले गेले व सुमारें ६०,००० रुपये नफा झाला. विंसेंट मात्र १९४२ सालीं युद्धाच्या काळांत विमानप्रवासांतच नाहींसे झाले.

पुढें मोठीं विमानें आलीं, त्यांबरोबर नवीन तऱ्हेचें इंजिनहि आलें. पस मॉथचे चार सिलिंडर एका ओळींत असत. वॅको, डकोटा इत्यादि विमानांत ते पंख्याच्या दांड्याभोंवतीं गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें वर्तुळांत बसविलेले असतात. वॅकोच्या इंजिनांत सात, डकोटाच्या प्रत्येक इंजिनांत चौदा. ह्या इंजिनास वारा सर्व बाजूंनीं लागतो, म्हणून तें पाण्यावांचून थंड राहतें. पण त्याची एक खोड आहे. रात्रभर उभें राहिलें कीं तेल निथळून खालच्या सिलिंडरांत सांचतें. तेल दाबलें जात नाहीं. तसेंच एकदम चालू केलें तर आंतील दांडा वांकतो. म्हणून सकाळीं पंखा हातानें सावकाश पूर्ण फिरवून पाहावा लागतो, आणि तो अडला तर जोर न करतां खालचे प्लग काढून तेल वाहूं द्यावें लागतें. ता. ८ जून १९४८ रोजीं मलबार प्रिन्सेस हें विमान मुंबईहून लंडनला गेलें, त्याचीं चारहि इंजिनें ह्याच जातीचीं, प्रत्येकीं अठरा सिलिंडरांचीं होतीं. त्या पहिल्या प्रवासांत जहांगीर स्वतः होते.

१९५३ सालीं सरकारनें विमान कंपन्या आपल्या ताब्यांत घेतल्या. त्यांस तें मुळींच रुचलें नाहीं. तरी एअर इंडियाचें अध्यक्षपद त्यांनीं पंचवीस वर्षें बिनवेतन सांभाळिलें. विमानांतील पडद्याचा रंग, चहाची चव, खिडकीवरील धूळ, सर्वांविषयीं ते चिठ्ठ्या लिहीत, आणि प्रसंगीं मळलेला फळा स्वतः पुसीत. इतक्या मोठ्या मनुष्यानें एवढ्या लहान गोष्टींत लक्ष घालावें हें कित्येकांस हास्यास्पद वाटे. ज्यानें पावसांत टपाल नेलें त्यास तें हास्यास्पद वाटलें नाहीं. १९७८ च्या फेब्रुवारींत सरकारनें त्यांस अध्यक्षपदावरून दूर केलें, व ती गोष्ट त्यांस दुसऱ्याच्या तोंडून कळली. ही वागणूक शोभण्यासारखी नव्हती, असें आम्हांस स्पष्ट लिहावेंसें वाटतें. १९८० सालीं त्यांस संचालक मंडळावर परत घेण्यांत आलें.

ह्यानंतर दोन वर्षांनीं, ता. १५ आक्टोबर १९८२ रोजीं, पन्नास वर्षें पूर्ण झाल्यानिमित्त त्यांनीं तोच प्रवास पुन्हां करावयाचें ठरविलें. वय ७८. पस मॉथ मिळालें नाहीं, म्हणून त्याच घराण्यांतील लेपर्ड मॉथ हें जुनें विमान दुरुस्त करून घेतलें. कराची आतां परदेश झाली होती. तरुणांचें मन हल्लीं खचलेलें दिसतें, त्यांस थोडी उमेद यावी, एवढाच त्यांचा हेतु होता. म्हातारा एकटाच त्या लहान लांकडी विमानांत बसला, अहमदाबादेस उतरला, आणि त्याच जुहूच्या मैदानावर, वाट पाहणाऱ्या लोकांसमोर, त्यानें विमान हळूच टेकविलें.

१९९२ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनेव्हा येथें ते वारले, आणि जन्मगांव जें पॅरिस तेथें पेर लाशेझ ह्या स्मशानभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्यांनीं सुरू केलेली कंपनी २०२२ सालच्या जानेवारींत पुन्हां टाटांकडे आली.