रुडॉल्फ डिझेल आणि धुराचा हिशेब

ऊर्जानगरच्या रस्त्यावरून कोळसा वाहणारे ट्रक असोत की गडचिरोलीतून लोहखनिज आणणारे, त्यांच्या इंजिनाला एका माणसाचे आडनाव मिळाले आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. १८७० च्या युद्धात कुटुंबाला फ्रान्स सोडावे लागले आणि मुलाचे पुढचे शिक्षण जर्मनीत झाले. म्युनिकमध्ये शीतकरण यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे त्यांना गुरू म्हणून लाभले. पदवीनंतर डिझेल यांनी लिंडे यांच्याच पॅरिसमधील बर्फाच्या कारखान्यात काम केले.

त्यांना एकच गोष्ट खुपत होती. वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता वाया जात असे. हवा जोराने दाबली की ती इतकी तापते की ठिणगीशिवाय इंधन पेट घेते, हे तत्त्व त्यांनी धरले. कोळशाची भुकटी जाळण्याचाही त्यांचा विचार होता. तो साधला नाही. १८९३ च्या पहिल्या चाचणीत स्फोट झाला. १८९७ मध्ये मात्र त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावली. १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना ते जहाजावरून नाहीसे झाले; काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. अवजड ट्रकमध्ये त्यांचे इंजिन आले ते त्यानंतर.

आजची इंजिने त्याहून काटकसरी आहेत, तरी बरीच उष्णता धुराबरोबर जातेच. तीच आता उपयोगी पडू शकते. वाहनावरच कार्बन पकडण्याच्या पद्धतीत धूर थंड करून अमाइनच्या द्रावणातून नेतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते; धुराच्याच उष्णतेने तापवले की सोडून देते. मग तो वायू दाबून, गार करून द्रवरूपात टाकीत भरायचा. म्हणजे शिष्याच्या इंजिनाला गुरूची शीतकरण विद्या जोडायची. वायू वेगळा करण्याची चाचणी २०२१ मध्ये ‘कोरोना युटिलिटी’ या जपानी कोळसावाहू जहाजावर झाली.

जहाजावर जागा असते, ट्रकवर अडचण वजनाची. एक लिटर डिझेल जळाले की हवेतला ऑक्सिजन मिसळून सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २०० लिटर जाळणाऱ्या ट्रकने सगळा वायू पकडला, तर अर्धा टनाहून जास्त ओझे वाढेल. यंत्र चालवायला ऊर्जा लागेल ती वेगळीच. शिवाय पकडलेला वायू उतरवून जमिनीखाली साठवण्याची किंवा काँक्रीटमध्ये मुरवण्याची सोय हवी. नाहीतर तो पुन्हा हवेतच जाईल.

रस्त्याकडेला राहणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो. फुप्फुसात शिरते ती काजळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. त्यामुळे कार्बन पकडणारी टाकी येईल तेव्हा येवो, काजळीची गाळणी आणि इंजिनाची वेळच्या वेळी निगा यांना पर्याय नाही.