घराघरांत सूर नेणारे पंडितजी

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचीच आठवण झाली. त्यांना मी पाहिलेले नाही, पण त्यांचे माझ्यावर ऋण आहे. ते कसे, हे शेवटी सांगते.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. विष्णु लहान असतानाच दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाशी उडाला आणि दृष्टी जवळजवळ गेली. शाळा सुटली. अशा मुलाचे पुढे कसे होणार, ही काळजी कोणत्या आईला चुकेल? गळा चांगला होता, म्हणून त्याला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. तेथे वर्षानुवर्षे मेहनत करून १८९६ साली पंडितजी बाहेर पडले.

त्या काळी गवयाला समाजात मान नव्हता. घरंदाज बाईने गाणे शिकणे हा तर अब्रूचाच प्रश्न. ५ मे १९०१ रोजी पंडितजींनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या मदतीवर चाले. पुढे १९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झाले. त्यांनी क्रमिक पुस्तके लिहिली, स्वरलिपी केली आणि स्त्रियांनाही गाणे शिकण्याची वाट मोकळी करून दिली.

संसारात मात्र दुःखच फार. बारा मुलांपैकी अकरा गेली. विद्यालयाची मुंबईतील इमारत कर्जापायी लिलावात निघाली. तरी पंडितजींनी सूर सोडला नाही. नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापून ते भजनात रमले. मोठमोठ्या सभा गाजवलेला हा गवई साध्या माणसांना बरोबर घेऊन रामधून गाऊ लागला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस ते वारले, तेव्हा मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. तोच पुढे डी. व्ही. पलुसकर म्हणून नावारूपास आला. पण तोही १९५५ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी गेला.

पंडितजींच्या शिष्यांनी १९३१ सालीच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याच मंडळाची प्रवेशिका परीक्षा मी माहेरी असताना दिली होती. पुढे माझा थोरला मुलगा गेला आणि पेटी खाटेखाली ढकलली ती ढकललीच. सांत्वनाला येणाऱ्यांचा एकेक शब्द टोचे. दार लावून बसावे, एवढेच वाटे.

एका श्रावणात, बाहेर पाऊस कोसळत असताना, शेजारच्या काकू आल्या. भजनाला पेटीवाली नाही, नुसता सूर धरायला ये, म्हणाल्या. गेले. भाता ओढला, षड्ज धरला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. कोणी गाणे थांबवले नाही, कोणी काही विचारले नाही. शेजारणीने फक्त गुडघ्याला गुडघा लावला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला झोप लागली.

दुःख गेले नाही, भगिनींनो. पण वाट पाहावी असा आठवड्यात एक दिवस आला. पंडितजींनी गाणे घराघरांत नेले नसते, तर माझ्या घरी पेटी कुठली असती? आपल्या आळीत कोणी दार लावून बसली असेल, तर तिला उपदेश करू नका. हाताला धरून आणा आणि हातात टाळ द्या.