संत बहिणाबाई : आत्मनिवेदन आणि आत्मचरित्र
मराठवाड्यातील देवगाव येथे 1628 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंचा विवाह बालवयातच एका बिजवराशी झाला. कोल्हापुरात असताना त्यांना स्वप्नात तुकारामांचा अनुग्रह लाभला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा, हे पतीला असह्य झाले. त्याने मारहाणही केली. पुढे त्याचे मन पालटले व कुटुंब देहूस आले. हा सारा वृत्तांत बहिणाबाईंनी स्वतःच अभंगांतून निवेदन केला. त्यांनी छळ लपविला नाही आणि पतिनिष्ठाही सोडली नाही. पुत्र विठोबाला पूर्वजन्म सांगून त्यांनी शिऊर येथे 1700 मध्ये देह ठेवला. त्यांची गाथा मुद्रित झाली ती दोन शतकांनंतर. जस्टिन अ‍ॅबट यांचे इंग्रजी भाषांतर 1929 चे. मराठी आत्मचरित्राचा उगम केवळ इंग्रजी अमदानीत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते.