जोसेफिन कॉक्रन : भांडी धुण्याच्या यंत्राची जनकर्ती

घरातील अत्यंत नित्याचे आणि तितकेच उपेक्षित काम कोणते, असे विचारले तर खरकटी भांडी घासणे हेच उत्तर द्यावे लागेल. स्वयंपाकाची वाखाणणी सर्वच करतात. परंतु पंगत उठल्यावर मोरीपाशी बसणाऱ्या हातांचे स्मरण क्वचितच कोणास होते. या कामाकडे बुद्धीच्या दृष्टीने पाहणारी एक स्त्री एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत होऊन गेली. तिचे नाव जोसेफिन कॉक्रन.

जोसेफिनबाईंचा जन्म ८ मार्च १८३९ रोजी ओहायो राज्यात झाला. त्यांचे वडील जॉन गॅरिस हे इंजिनियर होते आणि वाफेवर चालणारी नौका सिद्ध करणारा जॉन फिच हा त्यांच्या मातृकुलातील पूर्वज होता. असे असले तरी स्वतः जोसेफिनबाईंना यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण लाभले नव्हते. १८५८ साली विल्यम कॉक्रन या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला व इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल या गावी त्यांचा संसार सुरू झाला.

घर संपन्न होते. पाहुण्यांची वर्दळ असे. मेजवानीसाठी पिढीजात चिनी मातीची मूल्यवान भांडी बाहेर काढली जात आणि नोकरांच्या हातून धुतली जाताना त्यांचे टवके उडत. अखेर बाई स्वतःच ती धुऊ लागल्या. त्या कंटाळवाण्या कामातून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की, हे काम यंत्राकडून का होऊ नये?

१८८३ मध्ये पतीचे निधन झाले. मागे उरले ते सुमारे दीड हजार डॉलर आणि डोक्यावरचे कर्ज. आजवर जी केवळ एक कल्पना होती, तीच आता चरितार्थाची आशा झाली.

भांडी धुण्याचे यंत्र बनविण्याचे प्रयत्न त्यांच्या पूर्वीही झाले होते. जोएल हॉटन याने १८५० साली एका लाकडी यंत्राचे पेटंट मिळविले होते. परंतु ते फारसे उपयोगी ठरले नाही. जोसेफिनबाईंनी दोन गोष्टी हेरल्या. भांडे जागच्या जागी घट्ट बसले पाहिजे आणि घासण्याचे काम पाण्याच्या जोराने झाले पाहिजे. त्यांनी बशा, कप, ताटल्या यांची मापे घेतली आणि प्रत्येकाच्या आकाराचे तारेचे कप्पे तयार केले. हे कप्पे तांब्याच्या मोठ्या पात्रात आडव्या बसविलेल्या चाकावर मांडले. चाक फिरू लागले की तळातून साबणाचे कढत पाणी जोराने भांड्यांवर येई.

ही कल्पना प्रत्यक्षात आणताना कारागिरांशी झगडावे लागले. यंत्रविद्या न शिकलेल्या स्त्रीचे सांगणे त्यांना पटेना. आपलेच म्हणणे करून पाहावे आणि ते फसल्यावर मग बाईंचे ऐकावे, अशी त्यांची रीत होती. जॉर्ज बटर्स या यंत्रकुशल माणसाने मात्र त्यांना उत्तम साहाय्य दिले. २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळाले.

परंतु यंत्र तयार झाले म्हणून ते विकले जात नाही. शिकागोच्या मोठ्या हॉटेलात, वडील वा पती सोबत नसताना एकटीने पाऊल टाकणे हे त्या काळच्या कुलीन स्त्रीला यंत्र रचण्याहूनही कठीण होते. ते धैर्य त्यांनी केले आणि मागण्या मिळविल्या. १८९३ साली शिकागो येथे भव्य जागतिक प्रदर्शन भरले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांची वाणी दुमदुमली होती. तेथील उपाहारगृहांत जोसेफिनबाईंची यंत्रे राबली आणि उत्तम रचना व टिकाऊपणा यांबद्दल त्यांना पारितोषिक मिळाले.

ज्या गृहिणीसाठी यंत्र योजिले, तिच्या घरी मात्र ते लवकर पोचले नाही. एवढे कढत पाणी पुरविण्याची सोय त्या काळी बहुतेक घरी नव्हती आणि कित्येक ठिकाणचे पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न येणारे असे. म्हणून हॉटेले व रुग्णालये हीच त्यांची गिऱ्हाइके झाली.

विद्यार्थी मित्रहो, आजच्या घरगुती यंत्राच्या तक्रारीही मुख्यतः याच गोष्टींपाशी येऊन थांबतात. भांड्यांवर पांढरा थर येतो, तो बहुधा दुष्फेन पाण्यातील क्षारांचा. त्यासाठी यंत्रात खास मीठ घालण्याची सोय असते. तेलकटपणा राहिला तर पाणी पुरेसे तापते की नाही ते पाहावे. अन्नकण चिकटून राहिले तर भांडी एकमेकांवर दाटली आहेत काय, फिरणाऱ्या नळीची छिद्रे बुजली आहेत काय, हे तपासावे. तळाशी पाणी साचले तर गाळणी तुंबलेली किंवा निचऱ्याची नळी दुमडलेली असण्याचा संभव असतो. फेस बाहेर येऊ लागला तर हाताने भांडी घासण्याचा साबण चुकून घातला गेला असावा. मात्र विजेचा प्रवाह बंद केल्यावाचून यंत्रास हात लावू नये. कप्पा, पाण्याचा जोर, उष्णता आणि साबण, या चारांचा मेळ जोसेफिनबाईंनी घालून दिला; त्यांतील एक जरी चुकला तरी यंत्र रुसते.

सत्तरी उलटल्यावरही त्या यंत्रांच्या विक्रीसाठी प्रवास करीत. १९१३ मध्ये शिकागो येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे १९२६ साली त्यांची कंपनी हॉबर्ट या कंपनीने घेतली आणि १९४९ मध्ये ‘किचनएड’ या नावाने घरगुती यंत्र बाजारात आले. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-गौरव मंदिरात त्यांचे नाव कोरले गेले.

कर्जात बुडालेली, यंत्रशास्त्राची पदवी नसलेली ही विधवा प्रयोगशाळेत गेली नाही. मोरीतल्या कामाकडेच तिने नीट पाहिले. आपल्या घरी आज जी माणसे भांडी घासतात, त्यांच्या श्रमाकडे तितक्याच आदराने आपण पाहू लागलो, तर या चरित्राचे वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.