डॅनियल बून: एक वाटाड्या, दोन कबरी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं जिओकॅशिंगच्या मागे लागतात. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुणीतरी एक डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर द्यायचे. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तिथेच परत ठेवायची. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिली डबी लपवली गेली.

जुन्या दफनभूमी ही या मंडळींची आवडती जागा. तिथे पुष्कळदा डबी नसतेच. थडग्यांवरची सालं वाचायची, बेरीज-वजाबाकी करायची, की पुढच्या ठिकाणाचे आकडे मिळतात. खणायचं नाही, दगडांवर चढायचं नाही, हा नियम मुलांना आधीच सांगून ठेवावा. अशी भटकंती आवडणाऱ्यांनी केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट इथल्या दफनभूमीत एकदा जरूर जावं. उंच कड्यावरची जागा, खाली केंटकी नदी, समोर राजधानीचा घुमट, आणि कड्याच्या टोकाशी डॅनियल बून आणि त्याची बायको रेबेका यांचं स्मारक. जीपीएस तुम्हाला तिथे अचूक नेऊन सोडेल. दगडाखाली बून आहे का, हे मात्र ते सांगू शकत नाही!

बूनचा जन्म १७३४ सालचा, पेनसिल्व्हेनियातला. वडील इंग्लंडच्या डेव्हन भागातून आलेले, म्हणजे घर स्थलांतरितांचंच. पुढे हे कुटुंब नॉर्थ कॅरोलिनातल्या याडकिन नदीच्या खोऱ्यात गेलं. १७५६ मध्ये रेबेकाशी लग्न झालं, दहा मुलं झाली. बून शिकारीला गेला की महिनोन् महिने परतत नसे. १७६९ मध्ये केंटकीत गेला तो दोन वर्षांनी उगवला. घर, शेती आणि मुलं रेबेकानेच सांभाळली. पुस्तकांत तिला फार कमी जागा मिळाली आहे, हे मला नेहमी खटकतं.

केंटकी ही शॉनी, चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांची शिकारीची भूमी होती. ती सुखासुखी सोडायला ते तयार नव्हते, आणि का असावेत? १७७३ मध्ये बून पहिल्यांदा कुटुंबकबिला घेऊन निघाला, तेव्हा वाटेतल्या हल्ल्यात त्याचा सोळा वर्षांचा मुलगा जेम्स मारला गेला. तरी १७७५ मध्ये कंबरलँडच्या खिंडीतून त्याने वाट पाडली आणि बून्सबरो वसवलं. ही वाट पुढे वाइल्डरनेस रोड म्हणून प्रसिद्ध झाली. पुढच्या काही दशकांत लाखो माणसं त्या वाटेने पश्चिमेकडे गेली.

१७७६ च्या जुलैमध्ये त्याची मुलगी जेमायमा आणि तिच्या दोन मैत्रिणींना पळवून नेण्यात आलं. बूनने माग काढत तिसऱ्या दिवशी त्यांना सोडवलं. १७७८ मध्ये तो स्वतःच शॉनींच्या हाती लागला. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून घरात ठेवलं, नाव दिलं शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव. चार महिन्यांनी बून्सबरोवर हल्ला होणार असं कळताच तो पळाला आणि सुमारे १६० मैल चार-पाच दिवसांत तुडवून घरी पोचला. हल्ला परतवलाही. पण आपल्या माणसांना शरण जायला लावलं म्हणून त्याच्याच लोकांनी त्याच्यावर खटला भरला! त्यातून तो निर्दोष सुटला, बढतीही मिळाली. १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा, इझ्राएल, त्याच्या डोळ्यांदेखत पडला.

१७८४ मध्ये जॉन फिल्सनने केंटकीवर पुस्तक लिहिलं आणि बून जगभर प्रसिद्ध झाला. (टीव्हीवरच्या बूनची ती रॅकूनच्या कातड्याची टोपी विसरा. खरा बून साधी फेल्टची हॅट घालायचा.)

आता गंमत बघा. हा माणूस जमीनमोजणीही करायचा. त्या काळी हद्द म्हणजे अमुक ओढ्यापासून तमुक झाडापर्यंत. झाड पडलं की हद्द गेली. एकाच जमिनीवर चार-चार जणांचे दावे. आपल्याकडच्या सातबाऱ्याची भांडणं पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. बूनने हजारो एकरांवर हक्क सांगितला होता, पण कागद नीट नव्हते. कोर्टात एकेक दावा तो हरत गेला. १७८० मध्ये जमिनीसाठी लोकांनी विश्वासाने दिलेली मोठी रक्कम खाणावळीत झोपेत चोरीला गेली, तिचंही ओझं वर्षानुवर्षं राहिलं. त्याने गुलामही बाळगले होते, हेही इथे सांगायला हवं.

१७९९ मध्ये, पासष्टीच्या घरात, तो केंटकी सोडून मिझुरीला गेला. तेव्हा तो प्रदेश स्पेनकडे होता. स्पॅनिश सरकारने जमीन दिली, न्यायदंडाधिकारी नेमलं. १८०३ मध्ये तो मुलूख अमेरिकेने विकत घेतला आणि कागद अपुरे म्हणून ही जमीनही गेली! १८१४ मध्ये काँग्रेसने ८५० एकर परत दिले. त्यातली बहुतेक जमीन विकून त्याने जुनी देणी फेडली.

रेबेका १८१३ मध्ये गेली. २६ सप्टेंबर १८२० रोजी मुलगा नेथनच्या दगडी घरात बूनने डोळे मिटले. मिझुरीत मार्थासव्हिलजवळ रेबेकाशेजारी त्याला पुरलं. बरीच वर्षं तिथे साधा दगडही नव्हता.

फ्रँकफर्टची दफनभूमी १८४४ मध्ये नव्याने निघाली होती. नाव होण्यासाठी तिथे कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. १८४५ मध्ये केंटकीची मंडळी मिझुरीला गेली, खणून अस्थी घेऊन आली आणि थाटामाटात पुन्हा दफन केलं. मिझुरीकर आजही म्हणतात, की तुम्ही शेजारचीच कबर उघडलीत, आमचा बून इथेच आहे. १९८३ मध्ये एका न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञाने त्या कवटीचा १८४५ चा साचा तपासला आणि ती आफ्रिकन वंशाच्या माणसाची असू शकेल असं मत दिलं. मार्थासव्हिलच्या त्या जागी गुलामांनाही पुरत असत, त्यामुळे खळबळ उडाली. पण साचा ओबडधोबड आहे, म्हणून इतर तज्ज्ञांना हे पटलेलं नाही.

तेव्हा आकडे टिपायचेच असतील तर दोन्ही ठिकाणचे टिपा. मार्थासव्हिल सेंट लुईसच्या पश्चिमेला गाडीने साधारण तासाभरावर आहे, आणि नेथनचं दगडी घर त्याच बाजूला डिफायन्सजवळ अजून उभं आहे, आतून पाहताही येतं.