विश्लेषण : पापमुक्तिपत्रांमुळे बदनाम झालेले योहान टेट्झेल कोण होते?

युरोपात ख्रिस्ती धर्मात फूट कशी पडली, हे सांगताना मार्टिन ल्यूथर यांच्याबरोबर योहान टेट्झेल हे नाव हमखास येते. स्वर्गाचे तिकीट विकणारा लोभी धर्मोपदेशक, अशी त्यांची प्रतिमा पाचशे वर्षे टिकली आहे. ती कितपत खरी आहे?

इंडल्जन्स म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘पापमुक्तिपत्र’ हा शब्द रुळला असला, तरी तो फसवा आहे. कॅथलिक शिकवणीनुसार पापाची क्षमा पश्चात्ताप आणि धर्मगुरूंपुढील पापनिवेदनातून मिळते. मात्र क्षमा मिळाल्यावरही पापाबद्दलची काही शिक्षा शिल्लक राहते. ती हयातीत प्रायश्चित्ताने किंवा मृत्यूनंतर पर्गेटरीत, म्हणजे शुद्धीकरणाच्या अवस्थेत, भोगावी लागते. इंडल्जन्स म्हणजे या उरलेल्या शिक्षेतील सूट. ख्रिस्त आणि संतांच्या पुण्याच्या ठेव्यातून चर्च ही सूट देते, ही मांडणी पोप क्लेमेंट सहावे यांनी १३४३ मध्ये अधिकृत केली. १४७६ मध्ये पोप सिक्स्टस चौथे यांनी ती मृतांच्या आत्म्यांनाही लागू केली. पुढचा घोळ इथून वाढला.

पिर्ना ते युटरबोग

टेट्झेल यांचा जन्म १४६५ च्या सुमारास सॅक्सनीतील पिर्ना येथे झाला. लायपझिगमध्ये शिक्षण घेऊन ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. आवाज खणखणीत, भाषा लोकांची. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते गावोगावी इंडल्जन्सचा प्रचार करू लागले.

त्यांना इतिहासात ओढले ते दुसऱ्याच्या कर्जाने. ब्रांडेनबुर्गचे आल्ब्रेख्त हे माग्डेबुर्गचे आर्चबिशप असतानाच १५१४ मध्ये माइन्झचेही आर्चबिशप झाले. एकाच व्यक्तीकडे अशी अनेक पदे ठेवण्यासाठी रोमची खास परवानगी लागे आणि ती फुकट मिळत नसे. आल्ब्रेख्त यांनी आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून सुमारे २९ हजार गिल्डर उचलले. रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी पोप लिओ दहावे यांनी जाहीर केलेले इंडल्जन्स आल्ब्रेख्त यांच्या प्रदेशात द्यायचे, निम्मी रक्कम बांधकामाला आणि निम्मी कर्जफेडीला, असे ठरले. देणगीदारांना या निम्म्याची कल्पना नव्हती. प्रचाराची जबाबदारी टेट्झेल यांच्याकडे आली.

आल्ब्रेख्त यांच्या सूचनापत्रात ऐपतीनुसार दर होते. राजे आणि बिशपांसाठी किमान २५ गिल्डर, तर गरिबांना पैशांऐवजी प्रार्थना व उपवास. स्वतःसाठी इंडल्जन्स घेणाऱ्याला पापनिवेदन बंधनकारक होते आणि टेट्झेल तसेच सांगत, असे कॅथलिक इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. मृतांच्या बाबतीत मात्र देणाऱ्याच्या पश्चात्तापाचीही अट नव्हती, पैसे पुरेसे होते. आई-वडील पर्गेटरीत यातना भोगत आहेत, असे ऐकल्यावर हात आखडता कोण घेणार? टेट्झेल यांनी नेमका याच भावनेचा वापर केला आणि त्यांच्यावरील सर्वात गंभीर आक्षेप इथेच लागू पडतो.

सॅक्सनीचे इलेक्टर फ्रेडरिक यांनी त्यांना आपल्या हद्दीत बंदी केली होती. कारण केवळ तात्त्विक नव्हते. विटेनबर्गमध्ये फ्रेडरिक यांचा स्वतःचा संतावशेषांचा प्रचंड संग्रह होता आणि त्याच्या दर्शनानेही इंडल्जन्स मिळे. मग विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून युटरबोगला जाऊ लागले. हे पाहून ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपले ९५ सिद्धान्त आल्ब्रेख्त यांना पाठवले. (ते चर्चच्या दारावर ठोकले की नाही, यावर अभ्यासकांत वाद आहे.)

शेवट एकाकी

जानेवारी १५१८ मध्ये टेट्झेल यांनी फ्रँकफुर्ट आन डेर ओडर येथे ल्यूथरविरोधी सिद्धान्त मांडले. त्यांच्या छापील प्रती विटेनबर्गच्या विद्यार्थ्यांनी जाळल्या. वर्षभरात रोमलाही टेट्झेल अडचणीचे वाटू लागले. तडजोडीसाठी आलेले पोपचे दूत कार्ल फॉन मिल्टिट्झ यांनी त्यांच्यावर अफरातफर आणि अनैतिक वर्तनाचे आरोप करून सारे खापर त्यांच्या माथी फोडले. आल्ब्रेख्त यांना मात्र कार्डिनलपदाची वस्त्रे मिळाली होती.

१५१९ च्या उन्हाळ्यात लायपझिगच्या मठात टेट्झेल यांचे निधन झाले. त्याच सुमारास त्याच शहरात ल्यूथर आणि योहान एक यांचा प्रसिद्ध वादविवाद रंगला होता. आजारी टेट्झेल यांना सहानुभूतीचे पत्र पाठवले ते ल्यूथर यांनीच. या वादाचे मूळ टेट्झेल नव्हेत, असे त्यांनी कळवले.

पैशांशी जोडलेली सर्व इंडल्जन्स पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये रद्द केली. शिकवण मात्र कायम आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षातही तीर्थयात्रा, पापनिवेदन आणि प्रार्थना करणाऱ्यांना इंडल्जन्स दिले गेले, शुल्काशिवाय.